फाइलचे आडनाव

हळदीकुंकवाची बोटे उमटलेले पाकीट दारी आले, की ते उघडण्यापूर्वीच आत लग्नपत्रिका आहे हे कळे. कोपरा फाडलेले कार्ड आले, तर वाचण्याआधीच घरातील माणसे गंभीर होत. आतल्या मजकुराची खूण अशी बाहेरच असे.

संगणकातील फाइलीलाही अशीच खूण असते. तिच्या नावानंतर एक टिंब आणि टिंबापुढे काही अक्षरे असतात. नाव माणसाने ठेवलेले असते. टिंबापुढचे आडनाव मात्र फाइलीचे कूळ सांगते. त्याला 'एक्स्टेन्शन' म्हणतात. गॅरी किल्डॉल यांनी 1974 साली रचलेल्या 'सीपी/एम' या कार्यप्रणालीत नावाला आठ अक्षरे आणि आडनावाला तीन, एवढीच जागा होती. पुढे जागा वाढली. पण तीन अक्षरांची रीत बरीचशी टिकून राहिली. 'जेपीजी' म्हणजे चित्र, 'पीडीएफ' म्हणजे वाचावयाचा कागद.

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या मोबाइलवर एके सकाळी लग्नपत्रिका आली. त्यांचे बोट पडद्यावर टेकणार, इतक्यात नात म्हणाली, "आबाजी, थांबा! हिचे आडनाव पत्रिकेचे नाही."

नावापुढे 'एपीके' अशी अक्षरे होती. अँड्रॉइड मोबाइलमधील प्रोग्रॅम या आडनावाच्या फाइलीत बांधलेला असतो. सारेच एपीके लबाड नसतात. पण पत्रिका वाचण्यासाठी नवा प्रोग्रॅम कशाला हवा? असा लबाड प्रोग्रॅम मोबाइलमध्ये शिरला आणि त्याने मागितलेली परवानगी मिळाली, की तो आलेले संदेश वाचतो. बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जातो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये अशाच पत्रिकेपायी एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले.

"मग आडनाव पाहिले की झाले?" आबाजींनी विचारले.

"नाही. आडनाव कोणीही बदलू शकतो. त्याने आतला माल बदलत नाही. म्हणून पाठवणारा कोण, तेही पाहायचे."

तो क्रमांक ओळखीच्या कोणाचाच नव्हता. आबाजी मंद हसले. कापसाच्या बाजारात व्यापारी नुसता पांढरा रंग पाहून भाव ठरवीत नाही; मूठभर कापूस घेऊन त्याचा धागा ताणून पाहतो, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी ती पत्रिका न उघडताच पुसून टाकली.