पत्त्याने काय सांगावं?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि आमच्या आमगावचा पत्ता बदलला. 'मु. पो. आमगाव, जि. भंडारा' लिहायला सरावलेला हात 'जि. गोंदिया'कडे वळायला वेळ लागला. पिन कोड मात्र ४४१९०२ हाच राहिला.

यामागे विचार आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. त्यातला पहिला आकडा देशाचा टपाल विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन डाकघर. पत्र कुठे न्यायचं एवढंच ते आकडे सांगतात. कारभाराच्या सीमा हलल्या तरी त्यांना हलायचं कारण नसतं.

इंटरनेटवरच्या टॉर या अनामिक जाळ्यातल्या 'डॉट ओनियन' पत्त्यांबद्दल वाचताना मला हा पिन कोड पुन्हापुन्हा आठवतो. तिथले दुसऱ्या आवृत्तीचे पत्ते १६ अक्षरांचे होते. ते ज्या सांकेतिक किल्लीतून आणि ज्या गणितातून तयार होत, त्यांचा भरवसा उरला नाही. तिसऱ्या आवृत्तीचा पत्ता ५६ अक्षरांचा आहे. त्यात सेवेची अख्खी सार्वजनिक किल्ली, चूक पकडणारे दोन बाइट आणि शेवटी आवृत्तीचा एक बाइट असतो. त्या बाइटमध्ये ३ असल्यामुळे असा प्रत्येक पत्ता इंग्रजी 'डी'वर संपतो. ऑक्टोबर २०२१मध्ये टॉरच्या नव्या स्थिर आवृत्त्यांनी जुने पत्ते बंद केले.

ते करणं भागच होतं. पण त्याची किंमत कोणी मोजली? पत्रकाराकडे गुपचूप कागद पोचवू पाहणाऱ्या माणसाने वहीत उतरवून ठेवलेला जुना पत्ता तेव्हापासून मुका झाला. आमगावात चुकीच्या जिल्ह्याचं पाकीट आलं, तरी आडनाव वाचून पोस्टमन ते बरोबर दारात आणून देतो. अनामिक जाळ्यात असा ओळखीचा माणूस नसतो, आणि नसावाच. कोणी कोणाला ओळखत नाही, हेच तर तिथलं संरक्षण. म्हणून तिथे पत्त्यातल्या प्रत्येक अक्षरावर जास्त भार येतो.

आवृत्तीच्या आकड्याने एकच गोष्ट सांगावी: हा पत्ता कसा वाचायचा आणि त्यातली किल्ली कशी पारखायची. सॉफ्टवेअर किती सुधारलं, याची नोंद तिथे नको. २०२३मध्ये टॉरने विनंत्यांचा मुद्दाम भडिमार करणाऱ्यांविरुद्ध मोठा बचाव आणला, तरी पत्त्याचं एक अक्षरही बदललं नाही. हेच योग्य झालं.

पत्ता ही लोकांना दिलेली हमी असते. कुलूपच फुटलं तर ती जरूर बदलावी, पुरेशी मुदत देऊन आणि आधी बजावून. बाकी सुधारणा घरात कराव्यात. दारावरच्या पाटीला हात लावू नये.