सोनू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

वाघोली, पुणे
रविवार, रात्री

चि. सोनू,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आजोबांना आजार लंग्जचा होता, मग दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडलं असं का लिहिलंय?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन बाबांकडे द्यायला लावला. गॅसवर भाजी होती हे खरं, पण आवाजही फुटेना. म्हणून लिहायला बसले. आणि लंग्ज काय गं? फुफ्फुस म्हणून बघ, म्हणतानाच तोंडात हवा भरते.

शाळेत रक्ताभिसरणाचा धडा शिकवायचा असला की मी सकाळी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणि फुफ्फुसं न कापता, जोडलेलीच आणायचे. (त्याच्याकडे 'काळीज द्या' म्हटलं तर तो यकृत तोलतो.) परातीत ठेवून श्वासनळीत रबरी नळी घालायची आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. ती लिबलिबीत गुलाबी फुफ्फुसं फुगून परातीबाहेर आली की मागची पोरं बाकांवर चढायची. मग हृदय उभं चिरायचं. डावी भिंत अंगठ्याएवढी जाड, उजवी तिच्या तिसऱ्या हिश्शाची. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, ही बाजू पातळ का?"

कारण तिला लांब जायचं नसतं. अंगभर प्राणवायू वाटून आलेलं रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून निलयात, आणि निलय ते शेजारच्या फुफ्फुसांत ढकलतं. तिथे वायुकोशांभोवती केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. रक्त त्यातून पाऊण सेकंदात पार होतं. तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड सोडतं, प्राणवायू घेतं आणि डाव्या बाजूला येतं. डावीला ते डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून तिकडे दाब १२०चा, उजवीकडे जेमतेम २५चा. रक्त दोन्हीकडे सारखंच, मिनिटाला साधारण पाच लिटर.

हजारभर वर्षं वैद्य मानत होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी भोकं आहेत आणि रक्त त्यांतून पलीकडे जातं. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-नफीसने लिहिलं की पडदा भरीव आहे, वाट फुफ्फुसांतून आहे. रक्ताभिसरणावरचं हार्वेचं पुस्तक आलं ते १६२८ला, आणि त्या बारीक वाहिन्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या १६६१ला. मला हा इब्न अल-नफीस फार आवडतो. तुमच्या शाळेत त्याचं नाव घेतात का, विचार.

आता आजोबा. दुष्काळाच्या साली, ७२ की ७३ आठवत नाही, तुझे बाबा रांगत होते एवढं नक्की, माझी नोकरी इथे लागली आणि आजोबांनी खाणीवर मुकादमी धरली. पुण्याला जाणारी खडी इथल्या खाणींतून निघायची. खडी मशीनशेजारी उभं राहून ते हजेरी घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की पापण्यासुद्धा राखाडी. तुळशीपाशी उभं राहून उपरणं झटकायचे आणि पानांवर धुळीचा थर बसायचा. मी रागवायचे, मग तांब्याने पानं धुवायचे. पानं धुता येत होती. विडीही होती, ते लपवत नाही.

त्यांची फुफ्फुसं निबर झाली, आतल्या बारीक वाहिन्या आकसल्या. शेजारी जाण्यापुरती ताकद असलेल्या त्या पातळ भिंतीला वर्षानुवर्षं जोर लावून रक्त आत ढकलावं लागलं. उजवं हृदय फुगलं, थकलं, आणि रक्त मागे तुंबायला लागलं. संध्याकाळी पाय सुजायचे. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. सोनू, मी तीस वर्षं हा धडा शिकवला आणि तो खड्डा बघून "आज फार चाललात" म्हणत तेल चोळत राहिले.

म्हणून कागदावर हृदय आहे. सुरुवात फुफ्फुसांत झाली, शेवट हृदयात.

बाबा तळघराच्या भिंती घासतायत म्हणालीस. मास्क लावल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नकोस. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. दर रविवारी फोन करतो तोही घाईत, अर्धं इंग्रजीत. तू तरी मला मराठीत लिही, चुकलं तर चुकू दे, मी लाल शाईने खुणा करणार नाही.

दिवाळीत आलीस की परात काढते. जोडलेलं हवं असेल तर खाटकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं, तेव्हा यायची तारीख नीट कळव.

तुझी,
आजी