माणशी किती?

‘माणशी’ हा मराठीतील एक फसवा शब्द आहे. माणशी दोन लाडू, माणशी पन्नास रुपये वर्गणी असे म्हणताच वाटणी न्याय्य झाली, असे आपण गृहीत धरतो. शब्दात माणूस आहे; हिशेबात मात्र त्याचे केवळ डोके उरते. ‘दरडोई’ हा त्याचा सरकारी भाऊ निदान तेवढे प्रांजळपणे सांगतो.

हा शब्द आमच्या मनात घोळू लागला तो तेरखेड्याच्या एका ढाब्यावर. आम्ही पाच जण, सगळे मराठीचे अध्यापक. चर्चासत्रांच्या निमित्ताने सोलापूरहून बीडकडे जाणारा रस्ता वर्षातून दोन-तीनदा एकत्र करतो. येरमाळा मागे पडले, की फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव येते, आणि आमची जेवणाची वेळही. आमच्यातील एक सर निवृत्त आहेत, तिघे नियमित वेतनश्रेणीत आहेत, आणि सर्वांत धाकटे सहकारी अनेक वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवतात.

एका दिवसाचे बिल उदाहरणादाखल घेऊ. दोघांनी साडेतीनशेची मटण थाळी घेतली, तिघांनी दीडशेची शाकाहारी. एकूण ११५० रुपये, माणशी २३०. म्हणजे भाजी-भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाने ८० रुपये जास्त दिले आणि मटण खाणाऱ्या प्रत्येकाचे १२० रुपये वाचले. समानतेच्या नावाखाली तिघांनी दोघांना २४० रुपयांची मेजवानी दिली, आणि तीही न सांगता. यावर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘टीटीएमएम’: तुझे तू, माझे मी. हिशेब म्हणून तो निर्दोष आहे. पण शाकाहारी म्हणवणारे आमचे एक सर ‘नुसता रस्सा’ म्हणून वाटी पुढे करतात, कांदा-चटणी तर सर्वांच्या मध्यभागी असते. त्या रश्श्याची किंमत कोणी आणि कशी लावावी? पंगतीचे ताट एकेकट्याच्या रकान्यांत पुरते मावत नाही.

तिसरा मार्ग ऐपतीचा. ज्याला अधिक मिळते त्याने अधिक द्यावे. आपल्याकडे तो मार्ग वडीलकीच्या रूपाने रूढ आहेच. गल्ल्यापाशी ‘मी देतो’, ‘छे, मीच देणार’ अशी जी झोंबाझोंबी होते, ती पैशापेक्षा मानाची असते. पण या प्रेमळ रीतीत एक काटा लपलेला आहे. ज्याच्यासाठी नेहमीच दुसरे देतात, त्याच्या खात्यावर न लिहिलेले ऋण साचत जाते, आणि ते फेडण्याची संधी त्याला कधीच मिळत नाही.

टिपेचा प्रश्न याहून नाजूक आहे. बिलाच्या दहा टक्के हा अलीकडे रुळलेला हिशेब लावला, तर वरच्या बिलावर ११५ रुपये होतात: शाकाहारी ताटामागे १५, मटणाच्या ताटामागे ३५. परंतु गरम भाकरी घेऊन वाढप्याने ज्या फेऱ्या घातल्या, त्या दोन्ही ताटांसाठी सारख्याच होत्या. टक्केवारी मटणाचा भाव मोजते, पायपीट मोजत नाही. म्हणून बिल ताटाप्रमाणे आणि टीप माणशी, हे आम्हांस अधिक रास्त वाटते. ‘माणशी’ हा शब्द इथे प्रथमच खरा ठरतो.

टीप द्यावीच असा कायदा नाही, आणि नसावाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून बिलात परस्पर सेवा शुल्क जोडण्यास मनाई केली. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली. देणे ग्राहकाच्या खुशीवर राहिले, हे योग्यच झाले. पण दिलेले कोणाच्या हाती पडते? पूर्वी बडीशेपेच्या बशीत उरलेले सुटे पैसे वाढपी उचलीत असे. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि पुढे गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी लागली. ती मालकाच्या खात्याची. बिल पैशापर्यंत चोख भागते, सुटे उरतच नाहीत, आणि बशी रिकामी राहते. टीप द्यायची तर आता आठवणीने नोट खिशात ठेवावी लागते.

खुशीने मिळणाऱ्या वाट्याबद्दल मराठी वाचकाने सावध असावे, याला कारण आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हापासून हा शब्द आपल्याला निरागसपणे उच्चारता येत नाही. हक्क म्हणून सांगितला जाणारा वाटा घेणाऱ्याला दाराबाहेर उभा करू शकतो, हे आपण वाचले आहे. श्रमाच्या मोबदल्यासाठी आपल्या भाषेत वेतन, पगार, मजुरी, मानधन, बक्षीस असे किती शब्द आहेत! आम्हा चौघांना वेतन किंवा निवृत्तिवेतन मिळते, वाढप्याला पगार, आणि आमच्या धाकट्या सहकाऱ्यांना मानधन. त्या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते. प्रत्यक्षात सुटीच्या महिन्यांत दोन्ही येत नाहीत.

एकदा त्यांचा वाटा आम्ही परस्पर भरून टाकू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, बिल तुम्ही द्या. टीप मात्र मी देणार.” निवृत्त सर म्हणाले, “अरे, राहू दे.” त्यांनी ऐकले नाही. वाढप्याला हाक मारून शंभराची नोट त्याच्या हातात दिली आणि त्याचे गाव विचारले. आम्ही कोणी ते कधी विचारले नव्हते.

तेव्हापासून आमची रीत ठरून गेली आहे. बिल चौघांत, टीप त्यांची. गणिताच्या कसोटीवर ती टिकणार नाही. चौघांतही रश्श्याचा वाद उरतोच. पण देणाऱ्यांच्या रांगेत पाचही जण उभे राहतात. वाटणी करताना कोणी किती खाल्ले आणि कोणाला किती मिळते, हे दोन्ही ध्यानात ठेवावे, आणि दुसरी गोष्ट मोठ्याने उच्चारू नये, इतकेच आम्हांस उमगले आहे. महाविद्यालयातील तासांची आणि मानधनाची वाटणी मात्र ढाब्यावर सुटत नाही. तिच्याविषयी मोठ्यानेच बोलावे लागेल, आणि ते ज्यांना वेतन मिळते त्यांनी बोलावे.