फुप्फुसाचे औषध, हृदयावर नजर

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे बेडाक्विलिन सुरू करण्याआधी छातीवर ईसीजीच्या तारा लागतात, तेव्हा रुग्ण धास्तावतो. आजार फुप्फुसात, मग तपासणी हृदयाची का? ही भीती समजून घ्यायला हवी, नुसती दडपून चालत नाही. हे औषध ईसीजीच्या आलेखावरचे ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबवू शकते. ते फारच लांबले तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडते. म्हणून आलेख पुन्हा पुन्हा काढायचा, पोटॅशियम आणि यकृताची तपासणी करायची. सोबत हेच अंतर लांबवणारे क्लोफाझिमिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असेल, तर अधिकच जपायचे.

गोळी जेवणासोबतच. उपाशीपोटी ती जेमतेम निम्मी शोषली जाते. नेहमीच्या पद्धतीत पहिले दोन आठवडे रोज 400 मिलिग्रॅम, मग आठवड्यातून तीनदा 200. मधल्या दिवसांत बाकीची औषधे चालूच असतात, हे घरच्यांनाही नीट सांगायला हवे. चक्कर आली, छातीत धडधडले, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. आपल्या मनाने औषध बंद करायचे नाही.

बेडाक्विलिनच्या आधीच्या उपचारांची किंमत मोठी होती. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांची श्रवणशक्ती क्षयाच्या उपचारांतच गेली. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवू पाहणाऱ्या पेटंट अर्जाला या दोघींनी भारतात आव्हान दिले. मार्च 2023 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

शेवटच्या गोळीनंतरही बेडाक्विलिन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास हे औषध घेतल्याचे आधी सांगायचे.