तानसाकांठची मराठी

कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडींतून आटगांवास उतरावें आणि सागाच्या रानांतून तानसा तलावाची वाट धरावी. शहापूर तालुक्यांतील हें दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें. १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव होऊनहि मुंबईची तहान भागेना, म्हणून नगराच्या कारभाऱ्यांना इतक्या दूर यावें लागलें. येथून निघालेले अजस्र लोखंडी नळ रानें व खाड्या ओलांडून थेट मुंबई गांठतात. भोंवतालचें रान १९७० पासून अभयारण्य आहे, आणि माहुलीचे सुळके पाहून प्रवाशाचा शीण जातो. परंतु वनश्रीचें वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या माणसाचें लक्ष डोळ्यांपेक्षां कानांकडेच अधिक असतें.

गाडींतच एक कामकरी बाई शेजारणीला सांगत होती, "पाणी भरून, भाकर बांधून, पोराला शाळेत सोडून मी साडेनवाची लोकल धरते." चार कामें, आणि क्रियापद एकच! पहिलीं तीन ऊनप्रत्ययान्त होऊन चौथ्याच्या मागें ओळीनें उभीं राहिलीं. संस्कृतांतील 'गत्वा', 'पीत्वा' यांचेंच हें वळण. 'लोकल' हा शब्द इंग्रजी खरा, पण तो बिचारा मराठी पंक्तींत पाट मांडून मुकाट बसला होता. हीच हकीकत आमचा एखादा पदवीधर कशी सांगेल? "मी पाणी भरते आणि भाकर बांधते आणि मग मी लोकल पकडते, कारण मला वेळेवर पोंचायचें असतें." कारण आधीं सांगून कार्य मागून सांगावें, 'पोंचायचें असतें म्हणून धरते' असें म्हणावें, ही आपली जुनी रीत त्याला आठवतहि नाहीं.

परक्या शब्दांविरुद्ध आपल्याकडे मोठी चळवळ झाली. सावरकरांनी 'मेयर'ला घालवून 'महापौर' आणला, तो रुजलाहि. पण परका शब्द उघड दिसतो, म्हणून त्याला अडवितां येतें. परकें वाक्य संस्कृत शब्दांचें सोंवळें नेसून येतें, त्याला कोण अडविणार? 'भूमिका बजावणें', 'प्रकाश टाकणें' यांत इंग्रजी अक्षर एकहि नाहीं, आणि मराठी तरी काय आहे? 'ते एक शिक्षक आहेत' यांतला 'एक' कशासाठीं? ते दोन असण्याची भीति होती काय?

परभाषेचें वळण लागूंच नये असा माझा हट्ट मुळींच नाहीं. 'मी येतों असें तो म्हणाला' याच्या जोडीला 'तो म्हणाला कीं मी येतों' ही फारसी धाटणी आली आणि घरचीच झाली. विरामचिन्हें आपण इंग्रजीकडूनच घेतलीं. त्या कामांत मेजर कँडींचा वांटा मोठा. १८७४ सालीं 'निबंधमाला' काढणाऱ्या विष्णुशास्त्र्यांच्या गद्यांत इंग्रजी ग्रंथकारांचा घोष ऐकूं येतो, पण त्याखालीं संस्कृताचें व मोरोपंतांचें जोतें भक्कम होतें. आज जोत्याचीच वानवा आहे.

आमच्या घरचीं मुलें 'आंघोळ घेतात'. आंघोळ करावयाची, घ्यावयाचें तें औषध. पण तें हंसण्यावारी नेतां येतें. 'मी तुला मिस करते' हें मात्र मला लागतें, आणि तें 'मिस' या शब्दामुळें नव्हे. मराठींत आठवण मला येते, भूक मला लागते, राग मला येतो. या गोष्टी आपण होऊन माणसाकडे येतात, आणि माणूस नम्रपणें चतुर्थींत उभा राहतो. 'मह्यं रोचते' म्हणणाऱ्या संस्कृताचीहि हीच समजूत. इंग्रजीच्या वळणानें बोलणाऱ्याला मात्र जिकडेतिकडे 'मी'च कर्ता लागतो.

आणखी एक. 'आपण' आणि 'आम्ही' यांना मिळून इंग्रजीजवळ शब्द एकच. गेल्या दिवाळींत नातीनें सौ.ला आनंदानें सांगितलें, "आजी, आम्ही उद्यां गणेशपुरीला जाणार!" तानसा नदीच्या कांठीं, वज्रेश्वरीजवळचें हें ऊन पाण्याच्या कुंडांचें ठिकाण. पोरीच्या मनांत सारें घर होतें. सौ.नें मात्र काढून ठेवलेलें लुगडें मुकाट्यानें पुन्हां पेटींत घातलें. सकाळीं गाडी दाराशीं आली तेव्हां उलगडा झाला. 'आपण' म्हटलें असतें तर त्या माउलीची रात्र तरी सुखाची गेली असती.

तलावाच्या वाटेवर एक पाटी आहे. कोणत्या खात्याची तें सांगत नाहीं. 'प्रवेश करण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या एका कातकरी म्हाताऱ्याला मीं ती वाचून दाखविली. त्यानें विचारलें, "म्हणजे कोण येणार?" व्याकरणाच्या परीक्षेंत याहून मार्मिक प्रश्न मला कोणी विचारला नाहीं. पेशवाईंतील आज्ञापत्र घ्या. कोणी कोणास आज्ञा केली हें आरंभींच स्पष्ट असे. इंग्रजी कचेरीच्या कर्मणि प्रयोगानें कर्ता पडद्याआड गेला, आणि ज्याच्यासाठीं पाटी लाविली त्यालाच तो दिसेना.

पुढें एका पाड्यावर पाणी मागितलें. उन्हाळ्यांत या तालुक्यांतील कित्येक पाड्यांना टँकरनें पाणी पुरवावें लागतें, तलाव उशाशीं असून. एका वृद्ध बाईनें तांब्या भरून दिला. मीं तलावाकडे बोट दाखवून म्हटलें, "एवढें पाणी जवळ असून तुम्हांला टँकर?"

"ते पाणी मुंबईचं, बाबा. आमचं नाही."

मी दादरचा, हें मीं तिला आधींच सांगितलें होतें. म्हणून ती 'आपलं नाही' म्हणाली नाहीं.