गुडघ्याचं पंचांग

नाशिकहून त्र्यंबकला जाणारा रस्ता सपाट आहे, असं गाडीतून जाणारा कुणीही सांगेल. सायकलवाला थोडा विचार करेल. दुखऱ्या गुडघ्याचा सायकलवाला मात्र चढ कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवेल. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, त्र्यंबकेश्वर 700च्या वर. गोदावरी जिकडून उतरते तिकडेच आपण तीसेक किलोमीटर चढत असतो. एवढी पसरलेली चढण डोळ्यांना कळत नाही. सातपूरची एमआयडीसी मागे पडते, पुढे डाव्या हाताला अंजनेरी दिसू लागतो आणि वाटीच्या मागे बारीक कुरकुर सुरू होते. पावसाळ्यात समोरून पश्चिमेचा वारा असतो. त्याचं बिलही गुडघ्याच्याच नावावर फाटतं.

मोडलेल्या गुडघ्याला समाजात मान आहे. त्याचं ऑपरेशन होतं, लोक शहाळी घेऊन भेटायला येतात. रेंगाळणाऱ्या दुखण्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. काही फाटलेलं नाही, काही तुटलेलं नाही. सकाळी उठताना ते नसतं, चहा पिताना नसतं, जिना उतरताना मात्र हमखास हजर. चारचौघांत विषय काढावा तर एकजण निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगतो, दुसरा ‘आता वय झालं’ म्हणतो, आणि तिसरे काका ‘अहो, माझे तर दोन्ही बदलले’ असं सांगून आपल्या दुखण्याचा निकालच लावून टाकतात.

त्यात हे गाव नाशिक. सावरपाड्याची कविता राऊत याच जिल्ह्यातली. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ इथलेच. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत 2015 मध्ये पूर्ण करणारी पहिली भारतीय जोडी त्यांची. त्या वेळी नाशिकमध्ये नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. तसं करणारे ते पहिले भारतीय. अशा गावात ‘गुडघा दुखतो’ म्हणायला जीभ रेटत नाही.

गोकुळनाथांची शर्यत 2016 मध्ये अर्धवट राहिली होती. 2017च्या मथळ्यात ते वर्ष मावलं नाही, मथळ्यात तसं काही मावतही नाही. मला मात्र त्या दोन वर्षांमधल्या काळाचं अप्रूप वाटतं.

कारण शरीर एक असलं तरी त्याची पंचांगं वेगवेगळी असतात. काही आठवडे नेमानं सायकल मारली की दम वाढतो. स्नायूंना रक्त मुबलक, तेही लवकर तयार होतात. स्नायूला हाडाशी बांधणारे दोर त्या मानानं संथ, त्यांना महिने लागतात. कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. सांध्यातल्या द्रवावर ती जगते, आणि तो द्रव तिच्यात मुरायला सांध्याची हालचाल लागते. म्हणून नुसतं लोळत पडलं तरी तिची उपासमार, आणि फार रगडलं तरी तिचे हाल. फुप्फुसं दिवाळीला पोचलेली असतात तेव्हा गुडघा अजून आषाढात असतो. दुखणं जन्म घेतं ते बहुधा या अंतरात.

फिजिओच्या खोलीत वीतभर उंचीचा एक लाकडी ठोकळा असतो. त्यावर एका पायानं उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला लावून परत वर यायचं. समोर आरसा. पाहता पाहता गुडघा आत झुकतो. फिजिओ बोटानं तो जागेवर आणते आणि म्हणते, ‘गुडघा बिचारा मधला आहे हो. वरची कंबर नि खालचं पाऊल नीट वागलं नाही, की मार याला बसतो.’ मग मांडीला रबरी पट्टा बांधून कमरेचे व्यायाम. तिचा नियम साधा आहे: दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते खाली आलं पाहिजे. आलं नाही, तर काल जास्त झालं. ‘सोसा’ही नाही आणि ‘झोपून राहा’ही नाही. या दोन्ही आज्ञा पाळायला सोप्या. मधली फार अवघड.

सायकलच्या दुकानातही तोच मधला रस्ता. गुडघा पुढून दुखतो तेव्हा सीट बहुधा खाली असते, मागून दुखतो तेव्हा वर. कारागीर अ‍ॅलन की फिरवतो, सीट काही मिलिमीटर उचलतो, पेडलवर टाच ठेवायला लावून पाय सरळ होतो का ते बघतो. ‘जड गिअर रेटू नका साहेब, हलक्यावर फिरवत राहा.’ ऐकायला सोपं. शेजारून कुणी सुसाट गेलं की अंगठा आपोआप जड गिअरकडे जातो, तो आवरणं हाही व्यायामच.

हाच मधला रस्ता पायी पाहायचा तर जवळच त्र्यंबकेश्वर आहे. तिथून संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि पंचवीसेक दिवस चालून पंढरपूरला पोचते. दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, हे निघण्याआधीच ठरलेलं असतं. थकलो म्हणून थांबलो, असं तिथे कुणी म्हणत नाही. थांबणं वाटेतच धरलेलं असतं. वारीत सत्तरीच्या आजीही चालतात. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले असतील असं नाही. त्यांना मुक्कामाची लाज वाटत नाही, एवढंच.

लांब पल्ल्याच्या खेळाबद्दल बोलताना आपण सोसण्याचेच गोडवे गातो. सोसणं खरं तर उतावळ्या माणसालाही जमतं, काही तास. त्यापुढे लागतो तो आवर. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तिच्या नियमांत त्याची सोय आहे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराचा वेग पुरतो. कोण आधी आलं याचा क्रम लावला जात नाही. तब्येतीत, पण सलग, असं जाणाऱ्यासाठीच हे गणित मांडलेलं आहे.

हल्ली ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, ‘काय, परत कधी सुरू करताय?’ मी सांगतो, बंद कुठे केलंय? सध्या ठोकळ्यावर आहे.