घरात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टींची चित्रे

चित्रकथा म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना लहानपण आठवते. चांदोबातील रंगीत चित्रे, अमर चित्रकथेतील पुराणपुरुष, इंद्रजाल कॉमिक्समधला कवटीच्या गुहेत राहणारा वेताळ आणि १९९१ पासून वर्तमानपत्रात सकाळच्या चहाबरोबर भेटू लागलेला चिंटू. ही सारी मुलांची करमणूक, वय वाढले की ती मागे टाकायची, अशी आपली समजूत असते. वाचकहो, या लेखात मी आपणांस पुन्हा चित्रकथा हाती घ्यावयास सुचवणार आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना तर सुचवतोच, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलांना, लेकींना आणि सुनांनाही. कारण गेल्या वीसेक वर्षांत अशा काही चित्रकथा निर्माण झाल्या आहेत, की ज्यांचा विषयच मुळी म्हातारपण, आजारपण आणि शुश्रूषा हा आहे.

अशा दीर्घ, पुस्तकरूप चित्रकथेला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. हा प्रकार पोरकट राहिलेला नाही. नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी सांगणाऱ्या आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये आत्मकथनासाठीचे पुलित्झर टेसा हल्स यांच्या ‘फीडिंग घोस्ट्स’ या चित्रकथेला मिळाले. शांघायमध्ये पत्रकार असलेली आणि पुढे मनोविकाराने ग्रासलेली आजी, तिला सांभाळणारी आई आणि त्या दोघींना समजून घेऊ पाहणारी नात अशा तीन पिढ्या तीत आहेत. आजारपणाविषयीच्या चित्रकथांना ‘ग्राफिक मेडिसिन’ असे स्वतंत्र नावही आहे. ते २००७ मध्ये दिले इयन विल्यम्स यांनी. विल्यम्स हे वेल्समधील डॉक्टर आणि चित्रकारही. त्यांच्या ‘द बॅड डॉक्टर’मधला खेड्यातला डॉक्टर रुग्णांच्या चिंता ऐकता ऐकता स्वतःच्या मंत्रचळाशी झगडत असतो. माझ्यासारख्या सामान्य व्यवसायी डॉक्टरला तो ओळखीचा वाटला नसता तरच नवल.

पण या पुस्तकांकडे मी वळलो तो चित्रांच्या ओढीने नव्हे. दवाखान्यात रोज दिसणाऱ्या एका गोष्टीने मला तिकडे वळवले. ती गोष्ट म्हणजे घरातले मौन. वडील तपासणीच्या टेबलावरून उतरून चपला घालत असतात, तेवढ्यात मुलगा दाराशी येऊन हळूच सांगतो, “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं.” आठवड्याने तेच बाबा एकटे येतात आणि म्हणतात, “मला सगळं कळतंय, पण पोराला उगाच घोर नको.” दोघेही एकमेकांना जपत असतात आणि त्या जपण्यात दोघेही एकटे पडतात. मृत्युपत्र करावे का, अंथरुणाला खिळल्यावर कुणी पाहायचे, दवाखान्यात यंत्रांवर ठेवायचे की घरी आणायचे, हे प्रश्न निघाले की कुणीतरी म्हणते, “शुभ बोल नाऱ्या.” झाले, विषय संपला. तो विषय पुढे निघतो तो अतिदक्षता विभागाच्या बाहेर, रात्री दोन वाजता, सही करण्यासाठी कागद पुढे आल्यावर.

अमेरिकी व्यंगचित्रकार रॉझ चास्ट यांच्या २०१४ च्या आत्मकथनाचे नावच मुळी ‘शुभ बोल नाऱ्या’च्या जवळचे आहे. ‘याहून बऱ्या गोष्टींबद्दल आपल्याला बोलता येणार नाही का?’ असा त्याचा अर्थ. चास्ट यांचे आईवडील दोघेही १९१२ साली जन्मलेले, शिक्षणक्षेत्रात आयुष्य घालवलेले, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एकाच घरात वर्षानुवर्षे राहिलेले. मुलगी त्यांच्यापाशी पुढची गोष्ट काढू पाहते आणि ते दोघे ती टाळतात. मग नव्वदी उलटलेली आई शिडीवरून पडते आणि टाळलेले सारे एकदम समोर येते. वडिलांची ढासळती स्मृती, वस्तूंनी खच्चून भरलेले घर, वृद्धनिवासाचा न परवडणारा खर्च आणि त्या खर्चाचा हिशेब मनात करणाऱ्या मुलीला वाटणारी लाज, हे सगळे चास्ट यांनी चित्रांत मांडले आहे. वाचताना हसू येते आणि हसता हसता घशात काहीतरी अडकते. वडील २००७ मध्ये गेले, आई २००९ मध्ये. आईच्या अखेरच्या दिवसांत बिछान्याशी बसून काढलेली रेखाटने पुस्तकाच्या शेवटी आहेत. त्यांत विनोद नाही, फुगे नाहीत, फक्त थकलेला चेहरा आहे. त्या पानांपाशी मी बराच वेळ थांबलो. मृत्यूची वाट पाहणारे घर मी पुष्कळदा पाहिले आहे, पण मी तिथे दहा-पंधरा मिनिटांचा पाहुणा असतो. घरची माणसे तिथे रात्रंदिवस असतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मी प्रथम नाव घेईन ते कॅनडाच्या सारा लेविट यांच्या ‘टँगल्स’चे. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. टँगल्स म्हणजे गुंते. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतील पेशींमध्ये प्रथिनांचे जे गुंते आढळतात, त्यांनाही हाच शब्द आहे. लेविट यांच्या शिक्षिका असलेल्या आईला हा आजार ऐन पन्नाशीत झाला. लेकीने त्या वर्षांत टिपणे आणि रेखाचित्रे करून ठेवली आणि त्यांतून हे काळ्यापांढऱ्या साध्या रेषांचे पुस्तक उभे राहिले. त्यात माया आहे, तशीच किळस, चिडचिड आणि थकवाही आहे.

सासूबाईंच्या औषधांसाठी येणाऱ्या एका गृहिणीला मी हे पुस्तक वाचावयास दिले होते. तिच्या सासूबाई एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारत. ब्युरोतून आलेल्या मावशी दोन महिन्यांत दोनदा बदलल्या होत्या, आणि सासूबाईंचा रक्तदाब ठीक असताना हिचा मात्र वाढत चालला होता. पुस्तक परत देताना ती म्हणाली, “डॉक्टर, मला वाटायचं, असा राग मला एकटीलाच येतो. मी वाईट आहे म्हणून येतो.” त्यानंतर ती प्रथमच स्वतःच्या झोपेविषयी बोलली. पुढच्या खेपेस तिचा नवराही बरोबर आला आणि आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ आपण झोपायचे, असे त्याने ठरवले. पुस्तकाने आजार बरा केला नाही. जे बोलायचे राहिले होते, तेवढे त्याने बोलके केले.

आता प्रश्न असा, की हे काम शब्दांच्या पुस्तकाने होणार नाही का? होते, पण चित्राला एक गोष्ट अधिक साधते. स्पेनचे पाको रोका यांच्या ‘अरुगास’ या २००७ च्या चित्रकथेचा आरंभ पाहा. अरुगास म्हणजे सुरकुत्या. बँकेचे व्यवस्थापक एमिलियो आपल्या कचेरीत बसले आहेत आणि समोरच्या जोडप्याला कर्ज नाकारत आहेत. मग कळते, की बँक नाही, कर्ज नाही. एमिलियो केव्हाच निवृत्त झाले आहेत, अंथरुणात आहेत आणि समोर बसलेला मुलगा त्यांना सूप भरवू पाहतो आहे. स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने दीर्घकाळ टिकते, हे मी नातेवाइकांना अनेकदा समजावून सांगतो. ते मान डोलावतात, पण घरी गेल्यावर “बाबा, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली!” असा वाद चालूच राहतो. रोका यांच्या त्या काही चौकटी पाहिल्या की वाद घालणाऱ्याला कळते, की बाबा हट्टीपणा करत नाहीत, ते खरोखरच बँकेत बसलेले आहेत. याच कथेतील वृद्धनिवासात मोडेस्टो आणि डोलोरेस हे जोडपे आहे. मोडेस्टोची स्मृती जवळजवळ गेलेली, डोलोरेस धडधाकट, पण नवऱ्यासाठी तिथे राहायला आलेली. ती त्याच्या कानात तरुणपणीचा एक शब्द कुजबुजते आणि तो हसतो. या पुस्तकाला २००८ मध्ये स्पेनचा राष्ट्रीय चित्रकथा पुरस्कार मिळाला, आणि २०११ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

ज्या घरांत आजारी आईवडिलांवरून भावंडांत धुसफूस चालू आहे, त्यांनी ब्रायन फाइस यांचे ‘मॉम्स कॅन्सर’ पाहावे. आईला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि तो मेंदूपर्यंत पोहोचला, तेव्हा फाइस यांनी २००४ मध्ये ही कथा नाव न सांगता इंटरनेटवर चौकट-चौकट मांडली. पुढच्याच वर्षी तिला आयस्नर पुरस्कार मिळाला, आणि २००६ मध्ये पुस्तक निघाले. तोवर आई राहिली नव्हती. यात तीन भावंडे आहेत. प्रत्येकाला वाटते, की आईसाठी काय योग्य ते आपल्यालाच कळते. एके ठिकाणी फाइस त्या तिघांना अद्भुत शक्तीचे महावीर करून एकमेकांशी भांडायला लावतात. जवळ राहून रोज सगळे करणारा भाऊ आणि परदेशातून फोनवर सल्ले देणारी बहीण, किंवा याच्या उलट, हे चित्र आपल्याकडेही घरोघरी आहे. भावंडांनी ते पान एकत्र पाहिले, तर निदान हसून एकमेकांकडे पाहता तरी येईल.

सगळेच वाचन दुःखाचे असावे असे नाही. काओरी त्सुरुतानी यांची ‘मेटामॉर्फोज नो एनगावा’ ही जपानी चित्रकथा मी आमच्या आजी मंडळींसाठी मुद्दाम सुचवतो. एनगावा म्हणजे जपानी घराची ओसरी. पंचाहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, सुलेखन शिकवणाऱ्या आजी पुस्तकांच्या दुकानात शिरतात आणि मुखपृष्ठ सुंदर दिसले म्हणून एक चित्रकथा विकत घेतात. ती असते दोन तरुण मुलांच्या प्रेमाची. आजी दचकत नाहीत, उलट पुढे काय होते या ओढीने त्या पुन्हा दुकानात जातात आणि तिथे काम करणाऱ्या शाळकरी मुलीशी त्यांची मैत्री जमते. पुढचा भाग येईपर्यंत आपण असू ना, असा हिशेबही त्या करतात. ‘पुढे काय’ ही उत्सुकता शिल्लक असणे हे मनाच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे, असे मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगतो.

आता वाचण्याविषयी थोडे व्यवहाराचे. ही पुस्तके मी इंग्रजीतून वाचली. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी सोयीचे नसेल, तर मुलाने किंवा नातवाने शेजारी बसून मराठीत सांगत पाने उलटावीत. चित्र समोर असल्यामुळे गोष्ट सुटत नाही, आणि शेजारी बसणे हा तर निम्मा लाभ. जपानी चित्रकथा बहुधा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे आधी लक्षात घ्यावे. अक्षर बारीक असते, म्हणून उजेड खांद्यामागून पानावर पडेल असे बसावे, भिंग जवळ ठेवावे, किंवा टॅबलेटवर पान मोठे करून पाहावे. एका बैठकीत दहा-बारा पाने पुरेत.

एक गोष्ट मात्र डॉक्टर या नात्याने आवर्जून सांगतो. एक डोळा झाकून पाहिल्यावर चौकटीच्या सरळ रेषा वाकड्या किंवा लाटांसारख्या दिसल्या, तर चष्मा जुना झाला असेल म्हणून स्वस्थ बसू नये. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा आजार असू शकतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे.

तसेच, नुकतेच निदान झालेल्या व्यक्तीच्या हाती स्मृतिभ्रंशावरील पुस्तक एकदम देऊ नये. आधी घरच्याने वाचावे, कोणती पाने दाखवायची ते ठरवावे, आणि त्यांनी नको म्हटले तर मिटून ठेवावे. शुश्रूषा करणाऱ्याची झोप उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुस्तकावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी भेटावे.

आणि वाचून झाले, की ते पुस्तक कपाटात ठेवू नका. जेवणाच्या टेबलावर किंवा दिवाणखान्यातल्या टीपॉयवर, जिथे सगळ्यांची नजर जाईल तिथे ठेवा. “आपल्या घरी असं झालं तर तुम्हाला काय आवडेल, बाबा?” हा प्रश्न नुसता विचारणे फार कठीण जाते. चित्रावर बोट ठेवून, “ह्यांच्या जागी तुम्ही असता तर?” असे विचारणे त्यामानाने सोपे असते. उत्तर आले, तर एका कागदावर तारीख घालून लिहून ठेवा आणि तो कागद कुठे आहे ते घरातल्या सर्वांना सांगा. अशुभ बोलल्याने अशुभ घडते, असे मी माझ्या व्यवसायात कधी पाहिलेले नाही. वेळेवर बोललेल्या घरात मात्र शेवटचे दिवस थोडे शांतपणे जाताना पाहिले आहेत.